बोल्ट-ॲक्शनमध्ये छान चालणारी रिलोडेड काडतुसं एआर-१५ मध्ये का अडकतात?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलुंडचा मुलगा, आता टेक्सासमध्ये, ग्रीन कार्ड झाल्यावर पहिली रायफल .२२३ ची बोल्ट-ॲक्शन घेतली (दर गोळीला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, हाताने सरकवायचा), वर्षभर स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय आणि ग्रुप (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते) एकदम मस्त येतायत. मग एआर-१५ घेतली, ती सेमी-ऑटो, पुढचं काडतूस आपोआप घेणारी. तीच पावडर, तोच डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा), त्याच पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं), पण दर मॅगझीनला एक-दोन अडकतातच, आणि एकदा तर बोल्ट पूर्ण बंद पण होईना आणि मागे पण येईना. रायफल खराब की डाय? आणि शेवटी शेपूट: दिवाळीला घरी येतोय, प्रेस (काडतुसं भरायचं हातयंत्र) सोबत आणू का, आपल्याकडे करता येईल का.

शेपटाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नको. का ते खाली सांगतो.

आता मूळ मुद्दा. रायफल बरी आहे, डाय पण बरा आहे. मी स्वतः सतरा वर्षं फिनिक्सला होतो, त्यातली चौदा वर्षं दर शनिवारी सकाळी बेन ॲव्हरी रेंजवर आणि दर शुक्रवारी रात्री गॅरेजमध्ये प्रेससमोर, एआर आणि एम-१ गॅरंड (अमेरिकन सैन्याची जुनी सेमी-ऑटो रायफल) दोन्हीसाठी भरायचो. आता मुंबईत परत आलोय, शनिवार-रविवार पोरांना एअर रायफल शिकवतो, काडतूस भरणं बंद. पण तू जिथे अडकलायस तिथे मी पण अडकलो होतो, अगदी त्याच कारणाने.

बोल्ट-ॲक्शनमध्ये काडतूस तू हाताने ढकलतोस. जरा घट्ट असलं तर हाताला कळतं, तू किंचित जोर लावतोस, बोल्टचा दांडा खाली जाताना ते दाबून बसवतो, आणि तुला वाटतं सगळं छान आहे. म्हणजे तुझी काडतुसं पहिल्यापासूनच थोडी मोठी होती, तुझा हात ती चूक रोज भरून काढत होता. सेमी-ऑटोमध्ये हात नाहीच. स्प्रिंग बोल्टला पुढे फेकते, बोल्ट मॅगझीनमधून एक काडतूस ओढतो आणि दादरला सहा वाजता मागचे लोक पुढच्याला डब्यात ढकलतात तसा ढकलून मोकळा होतो. बसलं तर बसलं, नाही बसलं तर अर्ध्यात अडकलं. त्यामुळे जे हाताला कळायचं ते आता मापाला कळलं पाहिजे, गोळी झाडायच्या आधी, टेबलावर. सेमी-ऑटोसाठी भरायचं म्हणजे एवढंच, बाकी सगळं त्याचेच फाटे.

तू नेक-साइझिंग करतोयस, म्हणजे पुंगळीचा फक्त नेक, बुलेट धरणारा पुढचा अरुंद भाग, आवळतोयस, बरोबर? लिहिलं नाहीयेस पण मला खात्री आहे, कारण बोल्ट-ॲक्शनवाले सगळे तेच शिकवतात. गोळी सुटली की पितळ फुगून त्या चेंबरच्या (नळीत काडतूस बसायच्या जागेच्या) आकाराचं होतं, मग त्याच रायफलीसाठी फक्त नेक आवळून घेतलं की काम झालं, पितळ जास्त टिकतं आणि ग्रुप पण येतात. पण ते त्याच चेंबरपुरतं. तुझ्या बोल्ट-ॲक्शनच्या चेंबरला फुगलेली पुंगळी एआरच्या चेंबरला का म्हणून बसेल? आणि एआरमध्ये सुटलेली पुंगळी तर अजून वेडीवाकडी, कारण सेमी-ऑटोमध्ये बोल्ट उघडायला लागतो तेव्हा आत थोडं प्रेशर अजून शिल्लक असतं, पितळ पूर्ण आकसलेलं नसतं आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) त्याला खेचायला लागलेला असतो. शोल्डर (नेकच्या खालचा उतार) कधीकधी चेंबरच्या खऱ्या मापापेक्षा पण पुढे गेलेला मिळतो. म्हणून नियम सरळ आहे: सेमी-ऑटोसाठी प्रत्येक वेळी फुल-लेंग्थ साइझिंग, म्हणजे पूर्ण पुंगळी आवळायची, अपवाद नाही.

आणि फुल-लेंग्थ म्हणजे डाय शेल-होल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली फिरवला आणि झालं असं पण नाही. शोल्डर किती मागे गेला ते मोजायचं. बोल्ट-ॲक्शनला लोक एक-दोन थाउ मागे घेतात, सेमी-ऑटोला तीन ते पाच. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हा शब्द मी अमेरिकेत नाही शिकलो, वडील परळला मशिन शॉपमध्ये होते, घरात पण थाउ आणि सुतातच बोलायचे. चार थाउ म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं. एवढ्याशा फरकावर तुझा सगळा प्रॉब्लेम उभा आहे. कमी मागे घेतलास तर बोल्ट बंद होणार नाही, आणि उगाच जास्त मागे ढकललास तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसेल, दर फायरला पितळ ताणलं जाईल आणि चार-पाच वेळांत बुडाजवळून फाटेल. व्हर्निअरला लावायचा कंपॅरेटर (शोल्डरपर्यंतचं माप घ्यायला) घे आणि एक केस-गेज (चेंबरच्या मापाचा ठोकळा) घे, दोन्ही. गेजमध्ये साइझ केलेली पुंगळी टाकायची, बूड दोन पायऱ्यांच्या मध्ये आलं पाहिजे, बोट फिरवलं की कळतं. मी शेवटपर्यंत मॅचची प्रत्येक पुंगळी गेजमध्ये टाकूनच पुढे सरकवायचो, टीव्हीवर मॅच लावायची आणि टक टक टाकत बसायचं.

एवढं करूनही बुडाकडून घट्ट जात असतील तर स्मॉल-बेस डाय मिळतो, तो बुडाजवळचा भाग अजून थोडा आवळतो. दुसऱ्याच्या रायफलीतून सुटलेल्या, रेंजवर उचललेल्या पुंगळ्यांना त्याचा उपयोग होतो. सगळ्यांना लागतोच असं नाही, मला दोन रायफलींपैकी एकीला लागला.

तुझा बोल्ट अडकला होता तो प्रसंग मला डोळ्यासमोर दिसतो, कारण माझा पहिला एआर-शनिवार असाच गेला. बोल्ट नव्वद टक्के पुढे गेला, लग्ज (बोल्टला कुलूप लावणारे दात) फिरले नाहीत, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) ओढतोय तर हलत नाही. माझी चूक अशी की मी फॉरवर्ड असिस्ट (बोल्ट पुढे ढकलायचं बटण) दाबला, अंगठ्याने, मग तळव्याने. कधीही करू नकोस. जे जात नाही ते अजून आत ठोकलं की बाहेर काढायला दुप्पट त्रास. शेजारच्या लेनवरचा एक म्हातारा आला, मॅगझीन काढायला लावलं, स्टॉक पूर्ण आत घ्यायला लावला, नळी रेंजकडे वर, तोंड बाजूला, चार्जिंग हँडल घट्ट धरून रायफलीच्या दस्त्याचं बूड जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काडतूस टणकन बाहेर. त्याने ते उचललं, शोल्डरवर चकाकणारी गोल रेघ दाखवली आणि एक शब्द न बोलता परत आपल्या लेनवर गेला. ती रेघ म्हणजे चेंबरने घासलेली जागा. तुझं अडकलेलं काडतूस अजून ठेवलं असशील तर बघ, पैज लावतो तशीच रेघ असेल.

आता लांबी. दर फायरला आणि दर साइझिंगला पितळ पुढे सरकत जातं, नेक लांब होतो. .२२३ ची कमाल केस-लांबी १.७६० इंच, कापून १.७५० वर आणायची. जास्त लांब राहिली तर नेकचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकतं, बुलेटला सुटायला जागा मिळत नाही आणि प्रेशर कुठच्या कुठे जातं. पूर्ण काडतुसाची लांबी २.२६० इंचाच्या आत, नाहीतर एआरच्या मॅगझीनमध्ये घासत राहील. बोल्ट-ॲक्शनमध्ये तू बुलेट बाहेर काढून लँड्सच्या (नळीतल्या खाचांमधल्या उंच कडांच्या) जवळ नेत असशील, ग्रुपसाठी, तो शौक इथे विसर.

प्राइमर, म्हणजे बुडातली पिन लागली की पेटणारी छोटी टोपी. हा भाग जरा नीट वाच. एआरचा फायरिंग पिन स्प्रिंगने मागे धरलेला नसतो, मोकळा असतो, गॅरंडचा पण तसाच. बोल्ट पुढे आपटून थांबला की पिन स्वतःच्या वजनाने थोडा पुढे जाऊन प्राइमरला टिचकी मारतो. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घालून न झाडता बाहेर काढ, प्राइमरवर बारीकसा ठिपका दिसेल. ते नॉर्मल आहे, घाबरू नकोस. पण तोच प्राइमर पॉकेटच्या (बुडातल्या त्याच्या खळीच्या) वर राहिलेला असेल, किंवा फार हळवा असेल, तर ती टिचकी पुरते आणि ट्रिगरला बोट नसताना गोळी सुटते. म्हणून प्राइमर बुडाच्या सपाटीपेक्षा तीन ते पाच थाउ आत बसला पाहिजे. मी बसवल्यावर प्रत्येकावरून बोटाचं टोक फिरवायचो, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. आणि प्राइमर घेताना मिलिटरी स्पेसिफिकेशनचे घे, .२२३ ला सीसीआय ४१, मोठ्या पॉकेटच्या .३०८ किंवा .३०-०६ ला सीसीआय ३४. मिलिटरी पुंगळी असेल, लेक सिटी या अमेरिकन सैन्याच्या कारखान्याची वगैरे, तर पॉकेटच्या कडेला क्रिंप (आत दाबलेली कड) असतो, तो काढल्याशिवाय नवीन प्राइमर नीट बसणारच नाही, वाकडा बसेल आणि वर राहील. प्राइमर ओरिजिनल डब्यातच ठेव, बरणीत ओतून ठेवणारे लोक मी पाहिलेत, एक पेटला तर सगळे एकदम जातात.

नेक टेन्शन, म्हणजे नेकची बुलेटवरची पकड. मॅगझीनमधून वर येताना बुलेटचं टोक फीड रँपवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं, आणि नेक सैल असेल तर बुलेट आत दाबली जाते. आत गेली की जागा कमी, प्रेशर जास्त. भरलेलं काडतूस धरून बुलेटचं टोक टेबलाच्या लाकडावर अंगठ्याच्या जोराने दाब, हलली तर तो सगळा लॉट बाजूला ठेव. रेंजवर अजून एक टेस्ट: लांबी मोजलेलं काडतूस मॅगझीनमध्ये घाल, बोल्ट मोकळा सोड, हळूच हाताने धरून पुढे नेऊ नकोस, मग न झाडता काढ आणि परत मोज. एक-दोन थाउचा फरक चालतो, दहाचा नाही. हे घरी करू नकोस, आत्ताच वर काय लिहिलंय ते आठव, टिचकी.

पावडरचं प्रमाण मी सांगणार नाही, कोणीही सांगितलं तरी घेऊ नकोस. पावडर कंपनीचं किंवा बुलेट कंपनीचं मॅन्युअल उघड, सुरुवातीचा आकडा घे, थोडं थोडं वर जा. पण सेमी-ऑटोमध्ये अजून एक गंमत आहे, बोल्ट-ॲक्शनला फक्त बुलेट ढकलायची असते, इथे पावडरने बोल्टला पण मागे पाठवायचंय. नळीत एक भोक असतं, त्यातून गॅस येतो, आणि बुलेट त्या भोकावरून जाताना मागे किती प्रेशर आहे त्यावर सगळं चालतं. म्हणून "ग्रुप छान येतो" एवढं पुरत नाही. गॅरंडमध्ये तर हे फार कडक आहे, गॅसचं भोक अगदी नळीच्या तोंडाशी, सावकाश जळणारी पावडर घातली की तिथे प्रेशर जास्त राहतं आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉड वाकतो. ती रायफल १९३६ साली अमेरिकन सैन्यात आली आणि आजही लोक तिच्यात आयएमआर ४८९५ च्या आसपासचीच पावडर घालतात, त्यामागे हेच. एआर तेवढी नाजूक नाही. कमी भरलं तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, पुंगळी पायाशी पडते, पुढचं काडतूस उचललं जात नाही. टेस्ट सोपी: मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालून झाड, बोल्ट मागे अडकून राहिला पाहिजे, पाच वेळा कर, पाचही वेळा.

पावडरच्या वजनावरून आठवलं, ते ग्रेनमध्ये मोजतात. आपल्याकडच्या लोकांना ग्रेन म्हटलं की परकं वाटतं, पण १८३३ साली कंपनी सरकारने तोळा ठरवला तो १८० ग्रेनचाच. म्हणजे .३०-०६ ची १८० ग्रेनची बुलेट ही बरोबर एक तोळा, आणि ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज म्हणजे जेमतेम दोन ग्रेन. पावडर आपण ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. झवेरी बाजारात सोनाराचा काटा काचेच्या पेटीत का असतो ते मला गॅरेजमध्ये कळलं, वर एसीचा व्हेंट होता आणि रीडिंग दोन-तीन दशांश नाचत होतं, मी दोन आठवडे पावडरच्या मापाला शिव्या देत होतो. व्हेंटला पुठ्ठा लावला, संपला प्रश्न. चेक-वेट (काटा तपासायचं ठरलेलं वजन) घे आणि दर वेळी सुरू करण्याआधी ठेवून बघ.

आणि अर्धवट आवाज आला, फुस्स झालं, बोल्ट मागे आला नाही, की थांब. सवयीने चार्जिंग हँडल ओढून पुढचं झाडायचा मोह होतो, मॅचमध्ये तर होतोच. नळीत बुलेट अडकली असेल तर पुढच्या गोळीला नळी फाटते. खाली कर, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघ, मगच पुढे. प्रेस शक्यतो सिंगल-स्टेजच (एका वेळी एकच काम करणारा) वापर अजून वर्षभर, भरलेल्या पुंगळ्यांचा ट्रे टॉर्चखाली धरून सगळ्यांत पावडरची उंची सारखी आहे का बघता येतं. प्रोग्रेसिव्हचा (दर दांड्याला सगळी कामं एकदम करणाऱ्या प्रेसचा) मोह मला पण झाला होता, डिलन कंपनीची घेतली पण, मजा येते, पण आधी हात बसू दे.

पितळ किती वेळा वापरायचं हे विचारलं नाहीस पण विचारशील. एक पेपर-क्लिप सरळ कर, टोकाला बारीक हुक वाकव, तासून धार काढ, पुंगळीत घालून बुडापासून वर आतल्या भिंतीवरून ओढ. खाच लागली तर फेकून दे, बाहेरून चकाकती रेघ दिसायच्या आधी आतली खाच लागते. मी एआरच्या पुंगळ्या पाच वेळा वापरून मोडीत घालायचो, चांगल्या दिसत असल्या तरी.

साफ करायला स्टीलच्या पिना, पाणी, भांड्याचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. पितळेची भांडी चिंचेने घासणाऱ्या घरातला तू, यात नवीन काही नाही. फक्त अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नकोस. हा धडा तर आपल्याच पावसाळ्याने शिकवलाय: एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळाभर तबेल्यांमध्ये ठेवलेली असायची, आणि पाऊस संपला की पितळेला आपोआप चिरा गेलेल्या निघायच्या. त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं, आणि कारण कळायला १९२१ उजाडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि पितळ ठोकून-ओढून बनवताना त्यात राहिलेला ताण. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, आजही तेच. साइझिंगचं ल्युब (वंगण) पण नंतर धुऊन काढ, चेंबरमध्ये तेलकट पुंगळी गेली तर ती भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. मी लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून घरीच बनवायचो, बायको म्हणायची गॅरेजला ओल्या मेंढीचा वास येतो. आणि काम झाल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात धू, शिसं असतं, जेवण तिथे नेऊ नकोस.

एक गोष्ट बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, कारण इथे एच-१बी वाले बरेच असतात. त्याचं ग्रीन कार्ड झालंय म्हणून हे सगळं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकन फेडरल कायद्याने बंदूकच नाही, काडतूस बाळगायलाही मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. मित्राच्या गॅरेजमध्ये बसून "नुसतं भरतोय" म्हणायच्या आधी वकिलाला विचारा. आणि स्वतःसाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतं, तेव्हा मित्रांना पैसे घेऊन भरून देऊ नका.

आता मुंबई. १९५९ चा आर्म्स ॲक्ट काडतुसाची व्याख्या करतो तेव्हा त्यात काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्री पण येते. म्हणजे तुझा प्रेस आणि डाय हे कस्टमवाल्यासमोर "हॉबीचं सामान" नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणं कलम ५ मध्ये येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि भरून घालणार कशात? आपल्या सैन्याचं काडतूस ज्या रायफलीत बसतं ती इथे साध्या परवान्यावर मिळतच नाही, सेमी-ऑटो सोड, बोल्ट-ॲक्शन पण नाही. इथे पोरं .२२ खेळतात, त्याची पुंगळी परत भरता येत नाही, प्राइमरचा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत असतो आणि पिन ती कडच चेपतो. मग आमचा सगळा हा किडा आम्ही वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आणि पेलेट टेस्ट करून भागवतो, व्हाइसमध्ये रायफल आवळून दहा-दहा शॉट, कुठल्या लॉटचा गोल लहान येतो बघायचं. येशील तेव्हा ये रेंजवर, ४.५ एमएमच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, आणि दहा मीटरवरचा तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका बघून तुझा एआरचा माज जरा उतरेल.

तोपर्यंत पाच पुंगळ्या घे, एआरमधून सुटलेल्या, साइझ करायच्या आधी आणि नंतर शोल्डरची मापं लिही आणि पाठव, फोटो नको, फोटोत थाउ दिसत नाही. आणि दिवाळीला येताना रेंजला नेतोस ती बॅग आणू नकोस. रिकामी केली, झटकली, तरी नको, अस्तराच्या शिवणीत एक काडतूस अडकलेलं असतं आणि ते मुंबई एअरपोर्टच्या एक्स-रेला बरोबर दिसतं. मग मला माहीतच नव्हतं हे तुला कोर्टात जाऊन सांगावं लागतं. वीस डॉलरची नवीन बॅग घे.